ओट्याचा दगड कसा निवडावा: कडप्प्यापासून क्वार्ट्झपर्यंत, पुण्यातल्या स्वयंपाकघरासाठी

घराचं काम निघालं की सोफ्याच्या कापडावर आठवडाभर चर्चा होते आणि ओट्याचा दगड मात्र फोनवर ठरतो. मिस्त्री विचारतो, "काळा घेऊ की ब्राउन?" आणि आपण ऑफिसमधून उत्तर देऊन मोकळे होतो. ओटा एकदा बसला की तो बदलणं म्हणजे सिंक, नळ, शेगडी, डॅडोच्या (ओट्यामागच्या भिंतीच्या) टाइल्स आणि खालच्या ट्रॉल्या, सगळंच हलवणं. म्हणून हा निर्णय घरात बसून, शांतपणे आणि योग्य क्रमाने घ्यायला हवा. तो क्रम आणि त्यामागची कारणं इथे देतो आहे.

आधी आपला स्वयंपाक बघा

दुकानात जाण्याआधी आठवडाभर आपल्याच ओट्याकडे लक्ष द्या. त्यावर काय सांडतं? लिंबू, चिंच, कोकम, ताक, टोमॅटो ही आम्लं काही दगडांना खातात. हळद, चहा आणि बीट यांचे डाग हलक्या रंगाच्या पृष्ठभागावर दिसतात. गरम काय ठेवलं जातं? तळणीचं तेल साधारण १७० ते १९० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं, आणि ती कढई घाईत कुठे टेकवली जाते हे तुम्हालाच माहीत असतं. खलबत्ता कुठे चालतो? नारळ ओट्याच्या कडेवर फोडायची सवय आहे का? वड्या थेट दगडावर थापता का?

अजून एक प्रश्न, जो कुणी विचारत नाही. ओटा रोज पुसतं कोण आणि कशाने? घरकामाच्या मावशी तारेची घासणी आणि पावडर वापरत असतील तर तो दगड तेवढं सोसणारा हवा. त्यांनी चार घरांतले ओटे वर्षानुवर्षं पुसलेले असतात. कुठला दगड पुसून होतो आणि कुठला घासूनही निघत नाही, हे त्यांना जरूर विचारा.

कडप्पा

पुण्यातल्या जुन्या घरांचा ओटा म्हणजे कडप्पा. हा आंध्र प्रदेशातल्या कडप्पा जिल्ह्याच्या पट्ट्यातून येणारा काळा चुनखडक. स्वस्त, सरळ थरांत निघणारा, कापायला सोपा. त्याचा काठिण्यांक १ ते १० च्या मोझ श्रेणीवर जेमतेम ३, म्हणजे सुरीची रेघ त्यावर उठते. चुनखडक असल्यामुळे आम्ल पडलं की वरची चकाकी जाते आणि पांढुरका ठिपका राहतो. चिंच-मिठाने पितळी भांडी ज्या कोपऱ्यात घासली जातात, तिथला कडप्पा आधी करडा पडतो. तेलाचा हात फिरवला की काळेपणा येतो, पण तो काही दिवसांचाच.

आज मुख्य पृष्ठभाग म्हणून कडप्पा घ्यावा असं मला वाटत नाही. मात्र ओट्याखालचे उभे आधार, आडवे खण आणि ग्रॅनाइटच्या खालची लादी यांसाठी तो उत्तम आहे. पाण्याने प्लायवूड फुगतं, कडप्पा फुगत नाही. सिंकखालचा खण तरी कडप्प्याचाच करून घ्या.

ग्रॅनाइट

बहुतेक पुणेकर घरांसाठी माझी पहिली शिफारस अजूनही गडद रंगाच्या ग्रॅनाइटची आहे. पृथ्वीच्या पोटात सावकाश थंड झालेल्या शिलारसातून हा खडक बनतो. त्यात मुख्यतः क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार ही खनिजं असतात. काठिण्यांक ६ ते ७. लिंबू-चिंचेचा त्यावर परिणाम होत नाही, गरम कुकर चालतो, तारेची घासणीही तो बऱ्यापैकी सोसतो.

बाजारात 'ग्रॅनाइट' या नावाखाली बरेच वेगवेगळे खडक विकले जातात. सोनेरी ठिपक्यांचा ब्लॅक गॅलेक्सी आंध्रमधल्या चिमकुर्तीच्या खाणींतून येतो. भूशास्त्राच्या हिशेबाने तो ग्रॅनाइट नाहीच, गॅब्रो या गडद अग्निजन्य खडकाच्या कुळातला आहे. एकसंध काळे दगड बरेचदा डोलेराइट असतात. ओट्यासाठी यात वाईट काहीच नाही, उलट हे गडद खडक दाट असल्याने पाणी आणि तेल कमी पितात. तपकिरी-काळा टॅन ब्राउन तेलंगणातल्या करीमनगर भागातला. तो डाग आणि पाण्याचे ओघळ इतके लपवतो की लहान मुलांच्या घरात त्याच्याइतका सोयीचा रंग नाही.

पांढऱ्या आणि फिकट ग्रॅनाइटबद्दल सावध राहा. त्यातले काही प्रकार सच्छिद्र असतात. सिंकच्या कडेने ओल धरून कायमची काळपट पट्टी दिसते, आणि दगडात लोहखनिज असेल तर पिवळसर गंजही उमटतो. असा दगड आवडलाच असेल तर सीलर (दगडाची छिद्रं बुजवणारा द्रव) लावणं अनिवार्य समजा.

पुणं स्वतः दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेलं आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर. जंगली महाराज रस्त्यावरची पाताळेश्वर लेणी त्यातच कोरलेली आहेत आणि आपले पाटे-वरवंटेही त्याच बेसॉल्टचे. पण ओट्याच्या लाद्या आपल्याकडे आंध्र, तेलंगण, कर्नाटक आणि राजस्थानातून येतात. म्हणून 'इथलाच दगड आहे' असं कुणी सांगितलं तर नेमकी खाण विचारा.

संगमरवर

देवघराला घ्या, ओट्याला नको. मकराण्याचा असो वा अंबाजीचा, तो कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडकातल्याच खनिजाचा बनलेला आहे. लिंबाचा थेंब काही मिनिटांत त्यावर निस्तेज ठसा सोडतो आणि तो डाग नसून दगडाची झीज असल्याने पुसून जात नाही. पुन्हा पॉलिश हाच उपाय.

क्वार्ट्झ

नव्या फ्लॅटमध्ये सध्या याचीच मागणी जास्त दिसते. क्वार्ट्झची लादी खाणीतून निघत नाही. वजनाने साधारण ९० टक्के किंवा थोडा जास्त क्वार्ट्झ खनिजाचा चुरा, बाकी पॉलिएस्टर रेझिन (प्लास्टिकसारखा चिकट पदार्थ) आणि रंग. हे मिश्रण निर्वात साच्यात कंपन देऊन दाबलं जातं आणि मग उष्णतेने पक्कं केलं जातं. हे तंत्र इटलीतल्या ब्रेटॉन कंपनीने विकसित केलं.

फायदे खरे आहेत. रंग एकसारखा, लादी-लादीत फरक कमी, छिद्रं जवळजवळ नाहीत, सीलर लागत नाही, लिंबाने ठसा उठत नाही. पांढराशुभ्र ओटा हवा असेल तर संगमरवराऐवजी हाच पर्याय शहाणपणाचा.

अडचण आहे ती रेझिनची. साधारण १५० अंशांच्या पुढे रेझिन करपायला लागतं, आणि आपली तळणीची कढई त्याहून गरम असते. उमटलेला पिवळा डाग निघत नाही. एकाच जागी अचानक उष्णता लागली तर तडाही जातो. म्हणून क्वार्ट्झ घेतलात तर शेगडीच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाट किंवा जाड स्टँड कायमचा ठेवायचा, आणि हा नियम घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा. दुसरी गोष्ट म्हणजे ऊन. अतिनील किरणांनी रेझिन पिवळं पडतं, त्यामुळे ड्राय बाल्कनीतल्या किंवा थेट उन्हाच्या खिडकीतल्या ओट्याला क्वार्ट्झ वापरू नका.

हळदीबद्दल लोक फार घाबरतात. हळदीचं रंगद्रव्य प्रकाशात फिकट होतं आणि साबणासारख्या अल्कलीत लाल दिसतं. त्यामुळे पावडरने घासल्यावर डाग लाल झाला तर नवीन काही बिघडलं असं समजू नका. लगेच पुसलं तर क्वार्ट्झवर हळद टिकत नाही, रात्रभर राहिली तर फिकट छटा उरू शकते.

नॅनो व्हाइट, कोरियन आणि सिंटर्ड स्टोन

नॅनो व्हाइट हा काचेच्या जातीचा पदार्थ. आरशासारखा पांढरा, डाग न धरणारा. पण कडा ठिसूळ असतात, आणि कपची उडाली की दुरुस्ती लपत नाही. नारळ फोडणाऱ्या घरात तो टिकणार नाही.

सुतार-मिस्त्री ज्याला सरसकट 'कोरियन' म्हणतात ती सॉलिड सरफेस. मूळ कोरियन (Corian, कोरिया देशाशी संबंध नाही) हे ड्यूपॉन्ट कंपनीचं १९६० च्या दशकातलं उत्पादन. त्यात अॅक्रिलिक रेझिन आणि अॅल्युमिनियमचं एक खनिज असतं. सांधा अजिबात दिसत नाही, चरे पडले तर घासून पुन्हा गुळगुळीत करता येतात. पण चरे लवकर पडतात आणि गरम भांडं अजिबात चालत नाही. बेसिनला आणि कॉफीच्या कोपऱ्याला छान, रोजच्या फोडणीच्या ओट्याला नको.

सिंटर्ड स्टोन किंवा पोर्सिलिनच्या मोठ्या लाद्या माती आणि खनिजांच्या भुकटीवर प्रचंड दाब देऊन १२०० अंशांच्या आसपास भाजतात. गुजरातेतल्या मोरबीत मोठ्या लाद्या बनतात. उष्णता, ऊन, आम्ल, हळद, काहीही लावा, पृष्ठभागाला फरक पडत नाही. मात्र दोन गोष्टी दुकानात तपासाच. एक, नक्षी फक्त वर छापलेली आहे की आतून तोच रंग आहे. कड कापली की हे कळतं. दोन, कापणाऱ्याने याआधी सिंटर्ड कापला आहे का. चुकीच्या ब्लेडने किंवा घाईने कापला तर लादी तडकते, आणि तुटलेल्या लादीचे पैसे कुणी द्यायचे यावरून भांडण होतं. ते आधीच लिहून घ्या.

मापं घेणं

ट्रॉल्यांचे साचे किंवा कडप्प्याचे उभे आधार बसल्यावरच अंतिम माप घ्यायचं, आराखड्यावरून नाही. भिंती गुण्यात आहेत का ते बघा, कारण कोपरा काटकोनात नसेल तर दोन फुटांत अर्ध्या इंचाची फट सहज पडते. उंचीसाठी रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला उभं करा. कोपरात हात वाकवला असता कोपराच्या चार ते सहा इंच खाली ओटा यावा. बत्तीस-तेहतीस इंच हे माप सगळ्यांना लागू नाही.

हिशेब समजून घ्या. समजा एल आकाराचा ओटा एका भिंतीला १० फूट आणि दुसरीला ६ फूट, खोली २ फूट. लांब बाजू २० चौरस फूट. छोट्या बाजूचा कोपरा त्यात मोजून झाला, म्हणून तिचे उरलेले ४ फूट, म्हणजे ८ चौरस फूट. एकूण २८. पुढच्या कडेचं मोल्डिंग रनिंग फुटावर मोजतात: ८ अधिक ४, म्हणजे १२ फूट आणि उघड्या टोकांचे वेगळे. सिंक आणि हॉबचे (ओट्यात बसवलेल्या शेगडीचे) कटआउट, म्हणजे कापलेली भोकं, नगावर. दर विचारताना लादी, कापणं, मोल्डिंग, कटआउट, वाहतूक, चढवणं आणि जीएसटी हे सगळं सुटं लिहून मागा. नुसता 'चौरस फुटाला इतके' हा दर फसवा असतो.

लादीत तुमचे तुकडे कसे बसतात हेही कागदावर काढा. ९ बाय ६ फुटांच्या लादीतून १० फुटांचा सलग तुकडा निघणार नाही, सांधा येणारच. ६ फूट म्हणजे ७२ इंच. ओटा २५ इंच रुंद केला तर दोन पट्ट्या निघतात आणि साधारण २२ इंच उरतात, ज्यातून खिडकीची पट्टी आणि बाथरूमचा उंबरा होतो. उरलेले तुकडे तुमचे आहेत, पैसे पूर्ण लादीचे देत असाल तर ते घरी आणवा.

आणि वजन. १८ मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरतो. ९ बाय २ फुटांचा एक तुकडा म्हणजे ८० किलो. तो लिफ्टमध्ये उभा मावतो का, जिन्याच्या वळणावर फिरतो का, हे आधी टेपने मोजा. पेठांतल्या जुन्या इमारतींच्या अरुंद जिन्यांमुळे कितीदा सांधा वाढवावा लागतो.

गोडाऊनमध्ये

कात्रज-कोंढवा रस्त्यावर आणि गंगाधामकडून आईमाता मंदिराकडे जाताना मार्बल-ग्रॅनाइटची दुकानं एकापुढे एक आहेत. सकाळी, भरपूर उजेडात जा. सोबत लिंबू, पाण्याची छोटी बाटली, पांढरा कापूस, थोडा नेलपॉलिश रिमूव्हर आणि मोबाइलचा टॉर्च न्या.

हाताएवढा नमुना ठरवू नका, पूर्ण लादी उभी करून दाखवायला सांगा. ओल्या फडक्याने पुसून मागून-पुढून बघा. टॉर्च लादीला जवळजवळ टेकवून तिरका धरा, म्हणजे केसासारख्या चिरा आणि रेझिनने भरलेले खड्डे चमकतात. नखाला अडकते ती चीर, न अडकणारी बहुधा नैसर्गिक रेषा. बोटाच्या पेराने ठोका. खणखणीत आवाज हवा, मध्येच बद्द आवाज आला तर तिथे आत फट आहे. मागे जाळी चिकटवली असेल तर ती कशासाठी हे विचारा.

नमुन्याच्या तुकड्यावर लिंबू पिळून पंधरा मिनिटं थांबा. पुसल्यावर निस्तेज ठसा दिसला तर त्यात चुनखडी आहे, नाव काहीही सांगोत. पाण्याचा थेंब ठेवा. काही मिनिटांत खाली काळपट गोल दिसला तर दगड पाणी पितो. काळ्या ग्रॅनाइटवर रिमूव्हर लावलेला कापूस चोळा. काळा रंग कापसावर आला तर लादी रंगवलेली आहे, ती सोडून द्या.

पसंत पडलेल्या लाद्या एकाच ब्लॉकच्या, लागोपाठ क्रमांकाच्या घ्या. त्यांच्यावर खडूने आपलं नाव घालून फोटो काढा. माल घरी आला की तोच आहे ना, हे फोटोवरून पडताळा.

कापणं

इथे दगडापेक्षा हात महत्त्वाचा. हॉब आणि सिंकच्या कटआउटचे आतले कोपरे कधीही टोकदार ठेवू नयेत. आधी कोपऱ्यात ड्रिलने गोल भोक, मग एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत काप. टोकदार कोपऱ्यातूनच पुढे तडे सुरू होतात. सिंकच्या पुढे-मागे उरणारी दोन-तीन इंचांची पट्टी ही ओट्यातली सर्वांत कमकुवत जागा, तिच्याखाली आधार हवाच. सिंक खालून बसवणार असाल तर कटआउटची कड पॉलिश करून घ्या. पुढच्या कडेच्या खालच्या बाजूला एक बारीक खाच मारायला सांगा, म्हणजे सांडलेलं पाणी ट्रॉलीच्या दारांवर न ओघळता तिथेच थेंबाथेंबाने गळतं. खर्च नगण्य, पण आपण सांगितल्याशिवाय कुणी करत नाही.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. गच्चीवर किंवा जिन्यात कोरडा कटर चालवून दगड कापू देऊ नका. त्या पांढऱ्या धुळीत स्फटिकी सिलिका असते. ती फुफ्फुसात साठून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. क्वार्ट्झमध्ये सिलिका ९० टक्क्यांच्या घरात असल्याने धोका सर्वाधिक. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून इंजिनिअर्ड स्टोनच्या, म्हणजे अशा कारखान्यात बनवलेल्या क्वार्ट्झच्या ओट्यांवर बंदी घातली. आपल्याकडे कापणारा मुलगा बहुतेक वेळा तोंडाला रुमाल बांधून काम करतो, आणि रुमालाने ही धूळ अडत नाही. शक्य तेवढं काम कारखान्यात पाण्याच्या धारेखाली करून घ्या. घरी जे थोडं कापावं लागेल तिथे पाणी सोडणारा कटर आणि चांगला मास्क यांची अट कोटेशनमध्येच घाला. थोडे पैसे जास्त गेले तरी ते द्यावेत, तो माणूस आपल्या घरासाठी श्वास घेतो आहे.

बसवणं

ओटा आधी, डॅडोच्या टाइल्स नंतर. टाइल ओट्यावर टेकली की भिंतीवरून येणारं पाणी मागे शिरत नाही. दगड ठेवण्याआधी खालचा साचा पाणसळीत आहे का ते दोन्ही दिशांनी बघा. ग्रॅनाइट कडप्प्यावर सिमेंटने किंवा स्टोन अॅडहेसिव्हने बसतो. फिकट दगडाला राखाडी सिमेंट वापरलं तर रंग वर झिरपतो, तिथे पांढरं अॅडहेसिव्हच. क्वार्ट्झ आणि सिंटर्ड सिमेंटच्या ओल्या थरावर बसवू नका. सिलिकॉन किंवा योग्य अॅडहेसिव्ह वापरा आणि भिंतीशी दोन-तीन मिलिमीटर फट ठेवून ती सिलिकॉनने भरा. सांधा रंग जुळवलेल्या एपॉक्सीने भरावा आणि तो सिंकपासून दूर यावा. बाहेर झुकणारा नाश्त्याचा भाग सहा इंचांपेक्षा जास्त असेल तर लोखंडी ब्रॅकेट लावा.

रोजची निगा

ग्रॅनाइटला सौम्य साबणाचं पाणी आणि सुती फडकं पुरे. टॉयलेट क्लीनरसारखी तीव्र आम्लं कुठल्याच ओट्यावर नकोत. खडकवासल्याच्या पाण्याने फारसे क्षार साचत नाहीत, पण टँकर किंवा बोअरवेलवर चालणाऱ्या वाघोली-वाकडकडच्या सोसायट्यांत नळाभोवती पांढरा थर धरतो. ग्रॅनाइट आणि क्वार्ट्झवर पातळ केलेलं व्हिनेगर पाच मिनिटं ठेवून लगेच धुवा. कडप्पा आणि संगमरवरावर हा उपाय करूच नका.

फिकट ग्रॅनाइटमध्ये तेल मुरलं असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात घट्ट कालवून डागावर जाड थर द्या, वर प्लास्टिक झाकून रात्रभर ठेवा, सकाळी वाळू देऊन पुसा. जुन्या डागाला हे तीन-चार वेळा करावं लागतं. सीलरची वेळ झाली का हे कॅलेंडरवरून ठरवू नका. सिंकजवळ चमचाभर पाणी दहा मिनिटं ठेवा. दगड गडद झाला तर ओटा दोन दिवस पूर्ण कोरडा ठेवून सीलर लावा आणि पंधरा मिनिटांत उरलेला द्रव पुसून काढा, नाहीतर वर चिकट धुरकट थर बसतो.